सावली हवी की नेट हवं?

कुठेही गेले तरी काका आधी वर बघायचे. देवळात, फूड कोर्टात, कुणाकडे सत्यनारायणाला. कपाळावर हात आडवा धरायचा, मान मागे टाकायची आणि निकाल द्यायचा. आकाश दिसलं तर "मोकळं आहे." छत दिसलं तर "काही उपयोग नाही." शेजारून जाणारी अनोळखी माणसंही नकळत वर बघायची आणि मग एकमेकांकडे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. माणूस निवृत्त होतो, पण काम त्याच्यातून निवृत्त होत नाही. काकांचं सगळं आयुष्य जहाजांवरचे उपग्रहाचे अँटेना दुरुस्त करण्यात गेलं होतं. आधी जहाजावर आणि नंतर सिंगापूरच्या बंदरात. मूळचे रत्नागिरीचे. सिंगापुरात मरीन परेड भागात आमच्याच मजल्यावर ते आणि काकू राहायचे. मी पुण्याहून आलेला सॉफ्टवेअरवाला. माझ्या कामाबद्दल त्यांचं मत असं, की ते सगळं छताखाली चालतं, म्हणून ते फार खरं नाही.

निवृत्त झाल्यावर काकांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. मागे गादी, गादीखाली बॅटऱ्या, एका बाजूला शेगडी. मलेशियाभर हिंडायचं, जिथे आवडेल तिथे मुक्काम करायचा, असा बेत होता. काकूंची ना नव्हती. अट मात्र एकच होती.

मेलबर्नला त्यांची लेक होती आणि चार वर्षांची नात. दर रविवारी चार वाजता काकू तिला व्हिडिओवर गोष्ट सांगायच्या, आणि तीही मराठीत. एक खेकडा स्वतःच्या लग्नाला निघालाय, पण तिरका चालत असल्यामुळे पोचतच नाही, अशी ती गोष्ट होती. किती महिने चालली होती, कोण जाणे. खेकडा कधी भाजीबाजारात पोचायचा, कधी दवाखान्यात.

"एक रविवार चुकला तर ती विसरायची नाही," काकू माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. "पण दोन-तीन चुकले तर? चार वर्षांच्या पोराला पडद्यावरची आजी किती दिवस आठवणार?"

काकांनी हे ऐकलं, आणि एका जहाजावरून उतरवलेला जुना अँटेना घरी आणला. पांढऱ्या फायबरच्या घुमटातला. मोठ्या रांजणाएवढा.

माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तिने सिंगापुरी शेपूट लावून दोन वाक्यांत विषय संपवला. "आजोबा, why so complicated? सिम कार्ड घ्या, ला."

"सिमला टॉवर लागतो," काका म्हणाले. "जंगलात टॉवर कोण बांधणार? उपग्रह कसा, कायम तिथेच. भर समुद्रात, वादळात मी लोकांना घरी बोलायला लावलंय. याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही नाही."

पहिली चाचणी ईस्ट कोस्टच्या कार पार्कात झाली. घुमट व्हॅनच्या छपरावर चढवला, काका आत लॅपटॉप घेऊन बसले. पाच मिनिटांत बाहेर चार-पाच मुलांची रांग लागली. पांढरी व्हॅन, वर पांढरा गोळा. एक चिनी आजोबा नातीला कडेवर घेऊन पुढे आले. "अंकल, आइस्क्रीम गॉट व्हॉट फ्लेवर?"

काकांनी त्यांना उपग्रह समजावून सांगितला. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "देन नो आइस्क्रीम, अह?" शेवटी काकूंनी सगळ्यांना मूठ मूठ चिवडा दिला.

त्या दिवशी नेट उत्तम चाललं. फक्त व्हॅन भर उन्हात होती आणि आत बसवत नव्हतं. काकू म्हणाल्या, "अहो, त्या झाडाखाली घ्या की."

"इथे उपग्रह जवळजवळ डोक्यावर असतो. झाडाखाली गेलो तर पानं आड येतात. सावली हवी की नेट हवं?"

काकूंनी पदराने वारा घेत विचारलं, "जहाजावर काय करायचात?"

काकांनी एकदा त्या झाडाकडे बघितलं. "समुद्रात झाडं नसतात," ते म्हणाले. हे त्यांच्या पहिल्यांदाच लक्षात आलं असावं.

पहिल्या प्रवासाला आम्हाला घेऊन गेले. मुलीची शाळेची सहल होती, म्हणून मी आणि बायको मोकळे होतो. चालत्या गाडीच्या छपरावर घुमट ठेवायची परवानगी नव्हती. त्यामुळे तो आत, गादीवर आडवा पडून प्रवास करत होता. खरचटू नये म्हणून काकूंनी त्याच्यावर चादर घातली होती. मलेशियात शिरताना जोहोरच्या सीमानाक्यावर अधिकाऱ्याने आत डोकावून विचारलं, "अंकल, हू इज स्लीपिंग?"

"इंटरनेट," काका म्हणाले.

आम्हाला गाडी बाजूला घ्यायला लावली. चादर काढली, घुमट वाजवून बघितला, तीन अधिकारी बदलले. शेवटच्याने काकांचं सगळं व्याख्यान ऐकलं आणि आपल्या गावात नेट का येत नाही, ते विचारून घेतलं. मग आम्हाला सोडलं.

शनिवारी नदीकाठच्या जंगलात मुक्काम केला. जागा अशी देखणी, की काकू पहिल्यांदा त्या व्हॅनवर खूष झाल्या. रविवारी दुपारी फोन बघितले तर एकालाही रेंज नव्हती. काका मला म्हणाले, "सांग तुझ्या मुलीला." मग त्यांनी वर बघितलं. वर सगळी पानंच पानं होती.

तीन वाजून गेले होते. काकू घड्याळ हातात धरून बसल्या होत्या. आम्ही सामान कोंबलं आणि आकाश शोधत निघालो. आधी रबराची झाडं लागली, मग पामतेलाची, मग पुन्हा रबराची. एका खेड्याशी फुटबॉलचं मैदान दिसलं. भोवती दाट झाडं, मध्ये लख्ख उघडं, आणि सामना चालू. काकांनी गाडी सरळ कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी नेली.

शिट्टी वाजली. दोन्ही संघ आमच्याकडे बघत राहिले. काका आणि मी घुमट छपरावर चढवत होतो, तोवर त्यांचा प्रशिक्षक धावत आला. घुमट बघून त्याचा चेहरा उजळला. "टीव्ही?"

मागे खेळाडूंनी केस सारखे करायला सुरुवात केली होती.

काकांना खोटं बोलता येत नसे. "नो टीव्ही," ते म्हणाले. "ग्रँडडॉटर." आणि काकूंकडे बोट दाखवलं. प्रशिक्षकाने काकूंचा चेहरा बघितला आणि खेळाडूंना दुसऱ्या अर्ध्या मैदानात पिटाळलं.

बरोबर वेळेवर नात दिसली. काकूंचा आवाज एकदम मोकळा झाला. खेकडा आज मांडवाच्या दारापर्यंत पोचला होता. "आणि मग त्याने आपली नांगी अशी वर केली..." काकूंनी दोन्ही हात वर नेले आणि आभाळ फुटलं.

तिथला पाऊस तुम्ही पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. पडदा गोठला. नात तोंड उघडं टाकून थिजली. काकू हात वर धरून तशाच बसून होत्या.

"एवढ्या काळ्या ढगातून सिग्नल येत नाही," काका म्हणाले. "थांबेल पाऊस."

"ती थांबेल का?" काकूंनी विचारलं.

काका छत्री घेऊन बाहेर गेले. मी दारातून बघितलं तर ते शिडीवर उभं राहून घुमटावर छत्री धरत होते. आभाळ काळं आहे तोवर छत्री काय करणार? असे छत्री धरणारे कप्तान त्यांनी पाहिले होते, आणि त्यांच्या गोष्टी सांगून आम्हाला पोट धरून हसवलंही होतं. स्वतः ते नखशिखांत भिजले होते. घुमट कोरडा होता.

"काका, खाली या, याचा उपयोग नाही."

"मला सांगतोस?" ते म्हणाले, आणि छत्री आणखी खाली धरली.

निथळते खेळाडू व्हॅनच्या दारापुढे ताणलेल्या ताडपत्रीखाली येऊन उभे राहिले. काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं, पण सगळे पडद्याकडे बघत होते. पाऊस ओसरला. पडदा काळा झाला, मग उजळला.

नात तिथेच होती. वाटी-चमचा घेऊन वरणभात खात होती. लेक मागून म्हणाली, "आई, उठायलाच तयार नाही. म्हणते, आजी आत्ता येईल."

"आजी," नात म्हणाली, "crab पोचला का?"

काकूंनी पडदा जवळ ओढला. मग म्हणाल्या, "पोचला गं बाई. पण लग्न दुसऱ्याचंच निघालं."

नात खदखदून हसली. ती हसली म्हणून आख्खा संघ हसला. शिडीवरून काकांनी विचारलं, "आवाज नीट येतोय का तिला?"

पुढे तीन-चार वर्षं ते असेच हिंडले. खूप रविवार साधले, काही चुकलेही. मग काकूंच्या गुडघ्यांनी संप केला आणि लेकीने दोघांना मेलबर्नला बोलावून घेतलं. चांगी विमानतळावर आम्ही पोचवायला गेलो होतो. काकू काचेपलीकडून पुन्हा पुन्हा वळून हात करत होत्या. काकांनी एकदाही मागे बघितलं नाही. ते पासपोर्ट तपासणाऱ्या अधिकाऱ्याला वर छताकडे बोट दाखवून काहीतरी समजावत होते. मागे रांग वाढत होती, काकू बाही ओढत होत्या, आणि तो अधिकारी हातातला शिक्का बाजूला ठेवून, हनुवटीला तळवा लावून ऐकत होता.