बटण लावलेलं पान

टेलरकाकूंच्या मापाच्या वहीत एकाही गिऱ्हाइकाचं नाव नव्हतं. पानाच्या कोपऱ्यात एक बटण शिवलेलं असायचं आणि त्याच्या जोडीचं बटण गिऱ्हाइकाकडे. ते दाखवलं की काकू बरोबर पान काढायच्या. हरवलं तर गळ्यातली टेप काढून नव्याने माप घ्यायच्या, पण वही कुणाला चाळू द्यायच्या नाहीत. कुणाची कंबर सुटली, कुणाला दिवस गेले, सगळं त्यांच्या पोटात. सव्वीस वर्षांत त्यातलं अवाक्षर बाहेर गेलं नव्हतं. काकूंना याचा गर्व होता, आणि तो असावा असाच होता.

मग शाळेच्या गणवेशांचं सरकारी काम निघालं. अट अशी, की गणवेशांचीच काय, दुकानातली सगळीच मापं एका कंपनीच्या ॲपमध्ये भरायची. सून म्हणाली, "आई, फुकट आहे. आणि वर्षभराचं काम आहे." काकूंनी 'मान्य'वर बोट टेकवलं आणि दोघी मिळून वही उतरवायला बसल्या. फोन नंबर घातल्याशिवाय ॲप पुढे सरकेना, म्हणून कुठलं बटण कुणाचं ते आठवून आठवून काकूंनी नंबर घातले. खाली 'विशेष सूचना' असा रकाना होता. तिथे काकूंनी सवयीने वहीतलं जसंच्या तसं लिहिलं. एका पानावर होतं: डावीकडे भरण, कापसाचे दोन थर.

ते पान गणिताच्या बाईंचं. ऑपरेशनमध्ये त्यांचा डावा स्तन काढला होता. हे नवऱ्याला माहीत होतं, डॉक्टरांना आणि काकूंना. शाळेत कानोकान खबर नव्हती.

दोन आठवड्यांनी बाई दुकानात आल्या त्या बसल्याच नाहीत.

"वर्गातल्या पडद्याला फोन जोडला होता," त्या म्हणाल्या. "त्रिकोणाशेजारी जाहिरात आली. कृत्रिम स्तन, सवलतीत. मी तर कधी काही शोधलंही नव्हतं. काकू, तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?"

सून काहीतरी सारवासारव करणार, तेवढ्यात काकूंनी तिला हाताने थांबवलं.

"माझ्याकडूनच गेलं," त्या म्हणाल्या. "मीच लिहिलं, तुमच्या नंबरासकट."

बाईंनी पर्समधून आपलं निळं बटण काढलं, मशीनवर ठेवलं आणि निघून गेल्या. काकूंना फार लागलं ते. पण रडत बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कंपनीला फोन लावला. तिथला मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, तुम्ही मान्य केलं होतं." सरकारी कचेरीतल्या साहेबांनी कंपनीकडे बोट दाखवून हात वर केले. काकू खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या.

"माझ्या बायकांची मापं पुसा. तसं लेखी मिळेपर्यंत मी इथेच बसते."

"मग गणवेशाचं काम जाईल, बाई."

"जाऊ द्या. त्याआधी काय मी उघडी पडले होते?"

साहेबांचा डबा थंड झाला, चहा दोनदा आला. कचेरी बंद होता होता कागद हातात पडला. मग काकूंनी एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून सगळं सांगितलं. काहींनी नको नको ते सुनावलं. ते त्यांनी ऐकून घेतलं.

बाईंकडे मात्र त्या घरी गेल्या. वहीतलं ते पान फाडून सोबत नेलं होतं, कोपऱ्यातल्या बटणासकट.

"कंपनीकडचं पुसलंय, हा कागद," काकू म्हणाल्या. "त्यांनी पुढे कुणाकुणाला दिलं, ते मात्र कुणी सांगत नाही. खोटं कशाला बोलू? आणि हे पान तुमचं, तुमच्याकडेच ठेवा."

बाईंनी पान वाचलं, घडी घातली, कपाटात ठेवलं. काकू चपला घालायला वळल्या.

"टेप आणलीय ना?" मागून बाईंनी विचारलं.

टेप नेहमीसारखी गळ्यातच होती.

"मग माप घ्या. दोन ब्लाउज हवेत. फक्त लिहू नका."

बाईंनी दाराला कडी लावली आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. काकूंनी माप घेतलं. या वेळी ते वहीत नाही, मनात ठेवलं.