हवालदारांची सांडशी

पलूसचे हिंदुराव हवालदार फौजेतून घरी आले आणि वर्षभरात लोहारकामाच्या नादी लागले. नादही असा, की अवजारं विकत आणायची नाहीत, आपली आपण घडवायची. ऐरणीला रुळाचा तुकडा मिळाला. भाता म्हणून सुनेचं केस वाळवायचं मशीन आलं. मग सांडस घडवायला बसले. अडचण एवढीच, की तापलेलं लोखंड धरायला आधी सांडसच लागते. तेव्हा त्यांनी मुकाट्याने स्वयंपाकघरातली सांडशी उचलली.

सांडस झकास झाली. घरची सांडशी मात्र विस्तवात शेवग्याच्या शेंगेसारखी वाकली.

"आवं, दूध उतरवू कशानं आता?" त्यांच्या पत्नी आक्काताई कडाडल्या. "नवी मिळंस्तवर घरात च्या न्हाई!"

दुकानातून आणणं म्हणजे शरणागती. चहाविना फौजी माणूस किती तग धरणार? दुसऱ्याच दिवशी त्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या जुन्या, जाड पाट्यातून सांडशी घडवली. आक्काताईंनी ती दोन्ही हातांनी उचलली.

"ही सांडशी हाय का बैलगाडीचं जू?"

"अगं, पिढ्यान्‌पिढ्या टिकंल!"

"ती टिकंल वो, पर मी टिकाय पायजे न्हवं?"

तेवढ्यात दूध वर आलं. हिंदुरावांनी झटकन सांडशी घेऊन पातेलं अलगद उतरवलं. थेंब सांडला नाही.

"पकड लय झ्याक हाय," आक्काताई म्हणाल्या. हवालदारांची छाती फुगली. "मग आता रोज तुमीच उतरवायचं."

चहा सुरू झाला. दुधापासून आमटीपर्यंत सगळ्या पातेल्यांची ड्यूटी हिंदुरावांवर आली आहे. हल्ली ते भट्टी पेटवतात, ती हलकी सांडशी घडवायला.