फक्त धूळ काढायची होती

माझ्या लग्नाच्या बायोडेटावर जो फोटो होता तो माझा नव्हताच, असं मी गमतीने सांगते, पण ते अर्धं खरं आहे. नागपूरच्या स्टुडिओवाल्याने आधी पावडर थापली, मग दिवे जवळ ओढले, आणि एवढं करूनही त्याचं समाधान झालं नाही म्हणून प्रिंट काढताना चेहरा आणखी उजळ केला. खाली वर्णाच्या रकान्यात आईने ‘निमगोरी’ लिहिलं. मी केमिकल इंजिनिअरिंगला विद्यापीठात दुसरी आले होते, ते त्याच्याही खालच्या ओळीत होतं. आम्ही बौद्ध, आजोबांनी दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञांमध्ये समतेची आहे, रंगाची वेगळी लिहिलेली नाही, आणि आमच्या लोकांनी ती पळवाट बरोबर हेरली. नवरा मला बघायला आला तेव्हा त्याने एकदा फोटोकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि निमूट पोहे खाल्ले. पुढे तो म्हणायचा, मला मुलगी पसंत होती, फोटोग्राफर नापसंत होता.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं आम्ही सिंगापूरला काढली. क्वीन्सटाउनच्या एका जुन्या ब्लॉकमध्ये भाड्याचा फ्लॅट होता. मी सकाळी कंपनीच्या बसने जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या प्लांटमध्ये जायची, नवरा बुओना व्हिस्टाला संशोधनाच्या नोकरीत होता, आणि मुलगी शाळेत इंग्रजी शिकून घरी येऊन आमचं इंग्रजी सुधारायची. आमच्या ब्लॉकची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. त्यामुळे एक जिना बहुतेकांना उतरावा लागे, आणि शेजाऱ्यांच्या ओळखी जिन्यातच होत.

तशीच ती भेटली. दोन मजले वर राहायची. उंच, पन्नाशीला टेकलेली, खांद्यावर कायम एक जड काळी पिशवी. आईवडील घानाचे, तिचा जन्म लंडनचा, आणि नवरा माझ्या नवऱ्याच्याच प्रयोगशाळेत. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर ती म्हणाली, “मुरुडला मी तीन आठवडे राहिले आहे.”

मी म्हटलं, “मुरुडला? किल्ला बघायला?”

“किल्ल्यातल्या लोकांच्या पणतवंडांना बघायला. सिद्दी. आमच्याकडून गेलेले.”

जंजिरा आम्ही चौथीच्या इतिहासात शिकलो होतो. सिद्दी हा शब्द शंभर वेळा वाचला होता. पण ते लोक आफ्रिकेतून समुद्र ओलांडून आले, तिथे राज्य केलं, आणि त्यांचे वंशज आजही आपल्याच कोकणात राहतात, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. माझ्या राज्याची माहिती मला लंडनच्या बाईने क्वीन्सटाउनच्या जिन्यात दिली. मला राग आला. स्वतःचा की तिचा, ते तेव्हा कळलं नाही.

ती फोटोग्राफर होती आणि वीसेक वर्षं एकच काम करत आली होती. आफ्रिकेतून बाहेर पडलेले, बाहेर काढले गेलेले लोक जिथे जिथे वसले तिथे जायचं, त्यांच्यात राहायचं आणि त्यांच्या घरात त्यांचे फोटो काढायचे. लिस्बनचे न्हावी, ब्राझीलच्या किनाऱ्यावरचे कोळी, दक्षिण चीनच्या बाजारात कापडाचे गठ्ठे बांधणारे व्यापारी, आमचे मुरुडचे सिद्दी. सिंगापूरला ती नवऱ्याच्या नोकरीमुळे आली होती, पण इथेही तिला तिची माणसं सापडली: स्थानिक क्लबात फुटबॉल खेळणारे, विद्यापीठात शिकणारे, जहाजावरून उतरून इथेच थांबलेले, आणि दर रविवारी एका औद्योगिक इमारतीतल्या भाड्याच्या खोलीत जमून प्रार्थना करणारे.

तिचे दोन नियम होते. फोटोखाली नाव लिहायचं नाही. लहानपणी आई त्या माणसाच्या रंगाला ज्या शब्दाने हाक मारायची तो शब्द, त्यांच्या भाषेत, लिहायचा. आणि चेहऱ्याचा रंग आहे तसाच आला पाहिजे. त्याचं कारण तिने मला एकदा सांगितलं. तिच्या शाळेच्या वर्गाच्या फोटोत ती एकटीच काळी मुलगी होती. फोटोवाल्याने उजेड बाकीच्या मुलींच्या मापाने धरला. त्या फोटोत तिचे दात दिसतात आणि डोळे दिसतात. “माझ्या आईने तो फोटो भिंतीवर लावला आणि पाहुण्यांना बोटाने दाखवायची, ही आमची,” ती म्हणाली. “मला वाटलं, बोटाने दाखवावं लागू नये. बस, तेवढ्यासाठी मी हा धंदा धरला.”

माझी मदत फार मोठी नव्हती. ती फिल्मवर फोटो काढायची आणि संगणकाशी तिचं वाकडं होतं. दुकानातून निगेटिव्ह स्कॅन होऊन येत आणि त्यावर धुळीचे पांढरे ठिपके असत. मला त्या सॉफ्टवेअरची हौस होती. शनिवारी दुपारी मी ठिपका शोधायची, पुसायची, पुढचा शोधायची. प्लांटमध्ये आठवडाभर व्हॉल्व्ह आणि दाब बघितल्यावर हे काम मला निवांत वाटे. एखाद्या बाईच्या कपाळावर अर्धा तास घालवला की ती ओळखीची होते.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो केस विणणाऱ्या बाईवर. कॅमेरूनची होती, तिशीची, आपल्या भाड्याच्या खोलीत बायकांच्या बारीक वेण्या घालून द्यायची. फोटोत ती खुर्चीवर बसली होती, हात मांडीवर, बोटांवर तेलाची चमक. मी तिला एकदा भेटलेही होते. तिने माझ्या मुलीच्या केसांचं कौतुक केलं आणि माझ्या केसांकडे बघून नुसतीच मान हलवली. तिचा इथे राहायचा पास संपत आला होता. सिंगापूरच्या या माणसांच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं, ते शनिवारी उघडणार होतं आणि सोमवारी ती सिंगापूर सोडणार होती. उघडण्याच्या दिवशी मैत्रिणींना घेऊन यायचं आणि भिंतीवरचा आपला फोटो उतरवून आईसाठी बरोबर न्यायचा, असं तिने फोटोग्राफरकडून कबूल करून घेतलं होतं. त्या शहरातली तिची तेवढीच एक गोष्ट भिंतीवर लागणार होती.

प्रदर्शनाला दोन आठवडे असताना फोटोग्राफरची आई लंडनला आजारी पडली. ती तातडीने गेली. जाताना मला म्हणाली, “चौदा आहेत. धूळ काढ आणि प्रिंटवाल्याकडे पाठव. बाकी काही करू नकोस.”

मी धूळ काढली. चौदा चेहरे स्क्रीनवर ओळीने मांडले आणि मला वाटलं, काहीतरी कमी आहे. भिंतीवर लागणार, लोक येणार, ही माणसं आपल्या आयांना फोटो पाठवणार. जरा उठाव यायला हवा. मी केस विणणाऱ्या बाईचा चेहरा एक घर उजळ केला. मग शेजारचा मागे पडल्यासारखा वाटला म्हणून तोही. दोन तासांत चौदाही झाले. माझा हात कुठेही अडखळला नाही, हे मला अजून आठवतं. मी अगदी प्रेमाने केलं. आपल्याकडे एखाद्या मुलीचं भलं करायचं असलं की हेच करतात.

फोटोग्राफर परतली ती प्रदर्शनाच्या आधीच्या गुरुवारी. प्रिंटचा गठ्ठा माझ्याच हॉलमध्ये सोडला. पहिला कागद बाजूला केला आणि ती बघत राहिली. दुसरा केला, तिसरा केला. मी चहा घेऊन आले.

“हे प्रिंटवाल्याने केलं का?”

मी म्हटलं, “नाही, मीच. जरा उजळ केले. बरे दिसतात ना?”

माझी मुलगी तिच्या कोपराशी येऊन उभी राहिली होती. तिने केस विणणाऱ्या बाईच्या फोटोवर बोट ठेवलं आणि शाळेत शिकलेल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, “मम्मी, व्हाय आंटी सो ग्रे? लुक लाइक सिक, लाह.”

मग मला दिसलं. खरंच राखेसारखा रंग आला होता. बोटं तिची होती, चेहरा आजारी माणसाचा होता. मी दोन तास त्या चेहऱ्यावर घालवले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीला एका नजरेत दिसलं.

फोटोग्राफर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चहा घेतला, कप जागेवर ठेवला, मूळ फाइली मागितल्या आणि प्रिंटवाल्याला फोन लावला. शनिवारपर्यंत सहा होतील, तो म्हणाला. कुठले सहा ते यंत्रावर चढवायच्या क्रमाने ठरलं, आणि केस विणणाऱ्या बाईचा फोटो त्या सहात आला नाही. मी म्हटलं, “मग उजळ केलेला लाव ना तिचा तरी, तिला न्यायचाय.” ती म्हणाली, “तिच्या आईला मी दुसऱ्या कुणाची मुलगी पाठवणार नाही.”

शनिवारी सहा फोटो लागले. उरलेल्या आठ जागी तिने फक्त शब्दांच्या पट्ट्या लावल्या. बरेच पाहुणे त्या रिकाम्या जागांसमोर हात मागे बांधून गंभीरपणे उभे राहिले. त्यांना वाटलं, यातही काही अर्थ असणार. मी कोपऱ्यात ज्यूसचे ग्लास भरत होते.

केस विणणारी बाई पिवळ्या पोशाखात आली, चार मैत्रिणींना घेऊन. मैत्रिणींना हाताने ओढतच ती भिंतीशी गेली. आपला शब्द वाचला. वरती बघितलं. परत वाचलं. फोटोग्राफरने तिला बाजूला नेऊन सांगितलं की प्रिंट बिघडली, चूक आमची, तुझा फोटो मी तुझ्या आईच्या पत्त्यावर पाठवीन. माझं नाव घेतलं नाही. बाई हसून म्हणाली, काही हरकत नाही. मग मैत्रिणींना तिने ती रिकामी जागा बोटाने दाखवली, ही मी. मी तिच्याजवळ जाऊन, मी केलं, असं सांगायला हवं होतं. मी ग्लास भरत राहिले. सोमवारी ती गेली.

फोटो पुढच्या आठवड्यात छापून आला. पोस्टात मी टाकला. पोहोचला की नाही ते कळलं नाही.

महिनाभराने फोटोग्राफर खाली आली आणि म्हणाली, “बस.” मी म्हटलं, मी आफ्रिकेची नाही. ती म्हणाली, तुझी शिक्षा माझ्या कामात धरलेली नाही, वेगळी आहे. मी खुर्चीवर बसले. पावडर नव्हती, दिवा नव्हता, खिडकीचा उजेड होता. ती कॅमेऱ्यात वरून वाकून बघायची आणि बराच वेळ काहीच करायची नाही. “आई काय म्हणायची?” तिने विचारलं. मी म्हटलं, निमगोरी. “ते लिहिलेलं. म्हणायची काय?” मला आठवेना. खरंच आठवेना, आणि त्याचं मला भयंकर वाईट वाटलं. माझ्या फोटोखालची पट्टी तिने कोरी ठेवली.

फोटो आला तेव्हा मी तो बराच वेळ उलटा ठेवला होता. मग पाहिला. काळी होते. पस्तिशीची, दमलेली, काळी, आणि ओळखू येणारी. मी तो आईला नागपूरला पाठवून दिला. पाठवताना थोडी ऐटच होती, आता बघच म्हणावं.

डिसेंबरात आम्ही नागपूरला गेलो. हॉलमध्ये बुद्धाची आणि निळ्या कोटातली अशा दोन तसबिरी होत्या, त्यांच्या खाली माझा फोटो, नव्या चौकटीत. मी बॅग खाली ठेवायच्या आधीच बघितलं. चेहरा उजळ केला होता. राखेसारखा.

“आई, हे काय केलं?”

“स्टुडिओवाल्याले म्हटलं, जरा उजळ करून दे,” ती म्हणाली. “येणारे-जाणारे पाहतात.”

मी चिडले. क्वीन्सटाउनच्या जिन्यापासून सगळं तिला ऐकवायचं होतं. आई उठली, आतल्या खोलीतलं कपाट उघडलं आणि माझ्या डिग्र्या ज्या प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात ती काढली. सर्वांत वर माझा मूळ फोटो होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. कडा हाताळून मऊ झाल्या होत्या.

“भिंतीवरचा लोकायसाठी आहे,” ती म्हणाली. “हा माह्यासाठी.”

तिने पदराने त्याच्यावरची धूळ पुसली, नसलेली, आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाली, “अशीच होती तू, लहानपणी. काळीभोर. काळीभोरच म्हणत होती मी तुले.”