डावऱ्याचा उजवा पाय

रघूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे बहरीनमध्ये, सखीरच्या साइटवर शिड्या तपासत होते. माझं कामच ते आहे. बांधकाम कंपनीत सेफ्टीची नोकरी. शिडीचा पाय घसरत नाही ना, पायरी ढिली नाही ना, हे बघायचं आणि फॉर्मवर सही करायची. अकराव्या शिडीपाशी असताना प्रमोदचा फोन आला. प्रमोद पुण्याचा, बँकेत आहे, सनाबिसच्या फ्लॅटमध्ये मामाबरोबर राहायचा. एरवी आकड्यांशिवाय न बोलणारा माणूस, त्या दिवशी त्याला वाक्यच पुरं करता येईना. "अगं, मामा... व्हॅनमध्येच. सीटवर. इंजिन चालू होतं," एवढंच म्हणाला. मी फॉर्म पुरा केला. हे लपवत नाही. अकराव्या शिडीपुढे 'ठीक' असं लिहिलं आणि मग तिथेच वाळूत बसले.

त्याला आता सहा आठवडे झाले. कागदपत्रं झाली, मामा विमानाच्या पोटातून मुंबईला गेला, तिथून देवरुखजवळच्या त्याच्या वाडीत. बारावं-तेरावं झालं. इथे मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभाही झाली. चार जण बोलले आणि चौघांनी तेच सांगितलं, की शेवटपर्यंत शिडीवर होता माणूस, कधी रजा नाही, कधी कुरकुर नाही, असं मरण भाग्यवंतालाच येतं. लोकांनी माना डोलावल्या. मला उठून ओरडायचं होतं. माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडीत एकटा मरतो यात भाग्य कसलं, म्हणायचं होतं. ओरडले नाही. एक तर थकवा होता. आणि दुसरं, ओरडायचा हक्क मला उरलाय का, याचीच खात्री नव्हती... ती का नव्हती, ते सांगायला हे लिहिते आहे.

मामा माझ्या आईचा मावसभाऊ. चोवीस वर्षं बहरीनमध्ये. डिश बसवणं, टीव्ही लावणं, केबल ओढणं हा त्याचा धंदा. जुफैरमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये भिंतभर स्क्रीन आहेत आणि तिथे अमेरिकन गिऱ्हाईक फार. शनिवारी संध्याकाळी त्यांच्या कॉलेजांचा फुटबॉल लागतो. ऐन खेळात चित्र गेलं तर दंगा होतो, म्हणून मालकाने मामाच्या कंपनीशी ठरवून टाकलं होतं, की खेळ संपेपर्यंत टेक्निशियन तिथेच हवा. त्यामुळे सप्टेंबर ते डिसेंबर दर शनिवारी मामा मोठ्या स्क्रीनखालच्या कोपऱ्यात, शिडी भिंतीला टेकवून, हजर. शेजारी एक लाल प्लास्टिकची खुर्ची आणि करक चहाचा कप. अशी बारा-तेरा वर्षं. खेळ त्याला कुणी शिकवला नाही. बघून बघून आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं नाहीतर फेकायचं, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं करायचं. प्रत्येक संघात एक पोरगा मागे उभा राहतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा, सगळं तो ठरवतो. जिंकले तर देव, हरले तर खापर त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. वय वीस-एकवीस. मला पहिल्या दिवशीच राग आला होता. मी पुण्यात विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहीत वाढलेली मुलगी. अख्खं स्टेडियम एका कॉलेजच्या पोराच्या नावाने बोंबलतंय हे बघून मला भाषण सुचतंच. खरं तर मी तिथे गेले होते आमच्या मंडळाच्या आरोग्य समितीची पत्रकं किचनमधल्या पोरांना द्यायला. मामाने मला बघितलं, स्वतःची खुर्ची ओढून दिली आणि म्हणाला, "बस गो, पुढारी. हितं बसून क्रांती कर." तेव्हापासून शनिवारची ती माझी जागा झाली. मामा शेजारी शिडीला रेलून उभा राहायचा, कोपर तिसऱ्या पायरीवर.

या वर्षीचा सगळा वाद एका डावखुऱ्या क्वार्टरबॅकवरून. मामा त्याला डावऱ्या म्हणायचा. रॉय म्हणून एक अमेरिकन तिथे येई, अमेरिकन नौदलाच्या इथल्या बेसवर मेकॅनिक, पांढऱ्या मिशा. डावऱ्याचं कॉलेज त्याच्या गावचं. गेल्या वर्षी याच पोराने संघाला वर नेलं म्हणून रॉयने त्याच्या नंबरचा शर्ट घेतला होता. यंदा पोरगा चुकायला लागला. फेकी डोक्यावरून जायच्या, चेंडू सरळ विरोधकांच्या हातात. तिसऱ्या शनिवारपर्यंत रेस्टॉरंटमध्ये दोन पक्ष पडले. रॉय आणि त्याचे दोस्त म्हणत, की पोरगा घाबरलाय, गेल्या वर्षीच्या कौतुकाने डोकं फिरलंय, बसवा त्याला आणि दुसऱ्याला घ्या. प्रमोद मोबाइलवर आकडे काढून दाखवी, की दबावाखाली याची टक्केवारी बघा, व्यावसायिक संघ याला आता विचारणार नाहीत, यानं अजून एक वर्ष कॉलेजातच काढावं. आणि मी... मी दोन्ही पक्षांना झोडायचे. या पोराच्या जिवावर एवढे लोक पोट भरतात, त्याला कुणी विचारलंय का, वगैरे. प्रमोद म्हणायचा, हिला मेनू कार्ड दिलं तरी ही त्याचा जाहीरनामा करेल.

मामा बोलायचा नाही. त्याचं एक तंत्र होतं. कोपऱ्यातल्या छोट्या स्क्रीनचा आवाज तो बंद ठेवायचा आणि तिथेच खेळ बघायचा. कॉमेंट्री ऐकली की डोळे आळशी होतात म्हणायचा. तरुणपणी तो गावच्या संघात कबड्डी खेळलेला, उजवा कोपरा. चढाईला आलेल्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, हात तर सोडूनच दे, पायाकडे बघायचं, कारण अंग कुठे जाणार ते पाय आधी सांगतो. हे त्याला बालपणीच्या मास्तरांनी काठी मारून शिकवलं होतं. एका शनिवारी डावऱ्याची सलग तिसरी फेक वाया गेली, रॉयने टेबलावर हात आपटला, आणि मामा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "डावऱ्याचा उजवा पाय बग. फेकताना पुढं टाकतोय, पण वजन देत नाय. दुखतोय त्याचा. पोर लपवतंय."

मी बघितलं. दिसेना. मग दिसलं. डाव्या हाताने फेकणाऱ्याचा उजवा पाय पुढे पडतो, आणि तो पाय जमिनीला नुसता शिवून परत येत होता, तापलेल्या फरशीवर पडावा तसा. मी रॉयला सांगितलं, तो हसला. प्रमोद म्हणाला, की संघाच्या दुखापतींच्या यादीत याचं नावच नाही, मामा. मामाने खांदे उडवले. "यादी कोण बनवतो रे? ज्याला तो खेळायला हवाय, तोच ना?"

दोन आठवड्यांनी बातमी आली. डावऱ्याच्या उजव्या पायाच्या हाडाला चीर होती, महिनाभरापासून. त्याला स्वतःला माहीत होतं. त्या शनिवारी रॉय आपल्या टेबलावरून उठला, कोपऱ्यात आला आणि मामाचा हात हातात घेऊन नुसता उभा राहिला. पुढे तो मामाला 'कोच' म्हणायला लागला. पण खरी गंमत त्यानंतर झाली, आणि मी अजून तिच्यावर चिडलेली आहे. ज्यांनी पोराला भित्रा ठरवलं होतं तेच आता त्याला शूर म्हणायला लागले. हाड चिरलेलं असताना खेळला, काय जिद्द! म्हणजे शिव्या दिल्या त्याही खेळवण्यासाठी आणि ओवाळलं तेही खेळवण्यासाठीच. त्याला घरी जाऊन पाय वर करून पड, असं त्या अख्ख्या रेस्टॉरंटमध्ये एकच माणूस म्हणत होता, आणि तो शिडीला रेलून उभा होता.

मी त्यावर पत्रक लिहिलं. 'लंगडत खेळू नका.' आपल्या माणसांसाठी: ड्रायव्हर, प्लंबर, एसीवाले. दुखणं लपवून कामावर जाऊ नका, व्हिसाच्या मेडिकलमध्ये नापास होण्याच्या भीतीने डॉक्टर टाळू नका, रजा हा उपकार नाही. मामाने पहिला मसुदा वाचला आणि 'शोषणाधिष्ठित' शब्दावर बोट ठेवलं. "ह्ये वाचस्तवर माणूस मरंल गो," म्हणाला. शब्द काढला. मग दोन संध्याकाळी बसून त्यानेच त्या पत्रकांना घडी घातली, तीन घड्या, प्रत्येक घडीवर अंगठ्याचं नख फिरवून, की खिशात नीट बसावीत. व्हॅनमध्ये रबर लावून गठ्ठे ठेवले आणि जिथे टीव्ही लावायला जाईल तिथे वाटले. कुणाला पत्रक देताना तो डावऱ्याची गोष्ट सांगायचा. आमच्या समितीचं कुठलंही पत्रक एवढं वाचलं गेलं नाही.

नोव्हेंबरात तो शिडी चढताना तिसऱ्या पायरीवर थांबायला लागला. केबल तपासल्यासारखं करायचा आणि मग वर जायचा. मी ते बघितलं. स्पष्ट लिहिते, बघितलं. आणि मनात म्हटलं, बघा, किती सावध कामगार, आमच्या साइटवरच्या पोरांना दाखवायला हवा. व्हॅनपासून शिडी एकटा आणायचा तो आता मला हाक मारायचा, "पुढारी, जरा हात लाव, तुझ्या चळवळीत किती दम हाय बगू." मी हसत शिडीचं दुसरं टोक धरायचे. खिशात ओवा असायचा, करक घेईनासा झाला होता. ॲसिडिटी म्हणाला, मी मान हलवली.

शेवटची भेट डिसेंबरातली. डावऱ्याच्या संघाचा शेवटचा मोठा सामना पुढच्या आठवड्यात होता, पाय अर्धाच बरा, आणि त्याने खेळावं की नाही यावर अख्खं रेस्टॉरंट पेटलेलं. प्रमोदचं म्हणणं, खेळला नाही तर मोठे संघ शंका घेतील, खेळला आणि पाय गेला तर प्रश्नच मिटला. मग रॉयनेच मामाला विचारलं, "कोच?" मामा इंग्रजीत एवढंच म्हणाला, "सिट." मी लगेच माझं सुरू केलं, की मामा, त्याला कुणी बसू देणार नाही, त्याने स्वतःच ठामपणे बसायला हवं, नाही म्हणायला शिकायला हवं. मामाने स्क्रीनवरची नजर काढली नाही. "बसणाऱ्याला खुर्ची लागते, पुढारी. ती कोण देणार?"

मला वाक्य आवडलं. मोबाइलमध्ये टिपून घेतलं, पुढच्या पत्रकासाठी.

तो सामना डावऱ्या खेळला नाही. मामाला ते कळलं नाही. सामन्याच्या दोन दिवस आधीच मामा गेला.

व्हॅन रिकामी करायला मी आणि प्रमोद गेलो. ड्रिल, केबलची वेटोळी, पत्रकांचा शेवटचा गठ्ठा. रबर काढलं तर मधला एक कागद वेगळा लागला. त्यालाही तशाच तीन घड्या, तशीच नखाने दाबलेली कड. क्लिनिकची चिठ्ठी होती. छातीचा ईसीजी काढला आहे, ताबडतोब हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा, शिडीचं काम थांबवा. मामा पत्रकांना घडी घालत होता त्याच आठवड्यातली. म्हणजे दिवसभर लोकांना 'लंगडत खेळू नका' वाटत फिरणाऱ्या माणसाच्या हाताखाली, त्याच गठ्ठ्यात, ही चिठ्ठी होती. नंतर फोनवर मामी म्हणाली, की येत्या मे महिन्यात त्याच्या व्हिसाची मेडिकल होती आणि मुलीचं, सायलीचं, आर्किटेक्चरचं शेवटचं वर्ष. "एक सीझन काढतो म्हणाले. कसला सीझन, ते मी विचारलं पण नाय गो."

शोकसभेत मी का ओरडले नाही, ते आता कळलं असेल. जिद्दीचं कौतुक करणाऱ्या त्या चौघांवर माझा राग आहे, राहील. घरी बसलं तर व्हिसा जातो आणि व्हिसा गेला तर पोरीचं कॉलेज अडतं, अशा पेचात माणसाला उभं करून वर त्याला कष्टाळू म्हणायचं, याच्यासारखी दुसरी लबाडी नाही. ते मी लिहिणार, बोलणार. पण पाय बघायला मला मामाने शिकवलं होतं, आणि मी चार महिने टीव्हीतल्याचा बघितला.

परवाच्या शनिवारी जुफैरला गेले. फुटबॉलचा सीझन संपलाय, स्क्रीनवर कुठलीतरी गाड्यांची शर्यत होती. नवा टेक्निशियन येऊन चित्र लावून निघून गेला होता. कोपऱ्यातल्या छोट्या स्क्रीनचा आवाज बंदच होता. वेटर म्हणाला, तो रॉयसाहेब चालू करू देत नाहीत. रॉय त्याच्या टेबलावर होता, त्याने मान हलवली, मी हलवली. भिंतीला शिडी नव्हती. ती जिथे टेकायची तिथे रंगावर दोन काळे ओरखडे आहेत. त्यांच्या शेजारी लाल खुर्ची.

वेटरने सवयीने ती पुसली आणि माझ्याकडे सरकवली. मी हात लावला नाही. त्या कोपऱ्यात एकच खुर्ची होती. कायम एकच होती. टेक्निशियनसाठी ठेवलेली... आणि पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तिच्यावर मी बसले होते, आणि मामा उभा होता.

शर्यत संपेपर्यंत मी भिंतीला टेकून उभी राहिले. तासाभरात पाय दुखायला लागले.