सायकलवरच्या बाईचं कुंकू

घाटंजीच्या बाजारात तसबिरी मढवणारा एक म्हातारा बसायचा. देवाची तसबीर मढवून झाली की धोतराच्या सोग्याने काच पुसायचा, कुंकवाचं बोट लावायचा आणि मगच गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचा. भावाने पॅरिसहून पाठवलेली सायकलची जुनी जाहिरात मी त्याच्याकडे मढवायला दिली. चित्रात सायकलवर एक बाई हसत होती. तिलाही त्याने कुंकू लावलं.

“अहो, ही देवी नाही,” मी म्हटलं.

“नसंन. पन कोनाची तरी लेक हाय ना? उघड्या कपाळानं कशी धाडू, बाई?”

बोलून गेल्यावर त्याला माझं कपाळ दिसलं. नवरा गेल्यापासून ते तसंच होतं. म्हातारा ओशाळला. मग त्याने कुंकवाची डबी हळूच माझ्यापुढे सरकवली.

भर बाजारात मी तिच्यात बोट बुडवलं.