सुईचा चटका

"पयला वास घे, मग बोल," असं म्हणत चाचा स्टोव्हच्या ज्योतीवर सुई तापवायचे आणि चाकूच्या मुठीला टेकवायचे. जळक्या केसांचा वास आला तर मूठ शिंगाची. प्लॅस्टिकचा आला तर मी हौसेने आणलेली वस्तू माझ्याच अंगावर भिरकावायचे.

तुम्ही रेवसच्या धक्क्यावर उतरला असाल तर त्यांना पाहिलं असणारच. तरुणपणी बोटीवर खलाशी, म्हातारपणी कोळणींच्या सुऱ्यांना धार लावणारे. माझं नागावला जुन्या वस्तूंचं दुकान. खटक्याचा चाकू हाती आला की मी त्यांना गाठायचो. इटलीच्या चाकूंची त्यांना नस ठाऊक होती. पात्याच्या बुडाशी मागची पट्टी उचलून मिटतो तो जुना, पन्नास सालाच्या आसपासचा. मुठीच्या वरच्या टोकाची धातूची पट्टी, म्हणजे गाल, फिरवून मिटतो तो नंतरचा.

एकदा घाईत मी म्हणालो, "चाचा, नुसतं बघून सांगा की."

त्यांनी कानस फेकून मारली. कानाला चाटून गेली, रक्त आलं. मग स्वतःच हळद दाबत बसले. "बघून सांगतो तो गाढव," एवढंच पुटपुटले. माणूस तिरसट होता, पण मला आवडायचा.

गेल्या वर्षी मी एक काळ्या मुठीचा चाकू नेला. त्यांनी खटका दाबला, पातं सपकन बाहेर आलं. गाल फिरवून मिटला. सुई टेकवली, मूठ वितळली.

"साठनंतरचा. कुठं गावला?"

"वरच्या आळीतल्या भाभीकडे. पेटीच्या तळाशी होता."

चाचांच्या हातून सुई पडली.

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांनी इटलीहून दोन चाकू आणले होते. शिंगाचा भावाला, प्लॅस्टिकचा दोस्ताला. दोन्ही काळे. पुढे याच धक्क्यावर दोस्ताशी झालेल्या मारामारीत भावाच्या पोटात चाकू गेला, आतडी बाहेर आली. भाऊ तर जिवंत असताना आपला चाकू विकला म्हणायचा. कोर्टात रक्ताने माखलेला चाकू समोर आला तेव्हा चाचांचं डोकं फिरलं. लांबूनच बोट दाखवून म्हणाले, दोस्ताचाच. पिंजऱ्यातून दोस्त ओरडला होता, "तुझ्या भावानं काढला माझ्यावर! माझा घरात हाय. हातात घिऊन बघ एकदा!" यांनी घेतला नाही. दोस्त जन्मठेपेत मेला. ही भाभी त्याचीच बायको.

"त्याचा घरातच व्हता रे," चाचा म्हणाले आणि हमसून हमसून रडले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

दुसऱ्याच दिवशी ते भाभीकडे निघाले. मी सोबत गेलो. त्यांनी चाकू तिच्या हातात ठेवला. "भाभी, मी खोटा बोललो. न बघता बोललो. तो खरा व्हता."

भाभी बराच वेळ मुठीवरचा सुईचा डाग बघत होती. "पन्नास वरसं," ती म्हणाली. "पोरांना खुन्याची म्हणून दगडं मारली लोकांनी. तू सुऱ्या घासत बसलास!"

तिने खटका दाबला. मी हात धरायच्या आत पातं चाचांच्या बरगडीखाली शिरलं होतं. एकदा नाही, दोनदा. चाचांनी हात वर केलाच नाही. भाभीचा पंजा मनगटापर्यंत लाल झाला होता आणि आता किंचाळत होती तीच.

इस्पितळात हवालदार आला. चाचा कसेबसे बोलले, "कुणी न्हाय मारलं. तिला दाखवत व्हतो, तोल गेला, अंगाखालीच आला."

"दोन वार कसे मग?"

"उठताना परत पडलो."

हवालदाराने पिशवीतला चाकू माझ्यासमोर धरला. "तुम्ही होतात ना तिथे? कुणाच्या हातात होता?"

चाचा माझ्याकडे बघत होते. मी चाकूकडे बघितलंही नाही.

"चाचांच्या," म्हणालो.

तिसऱ्या दिवशी ते गेले. मयताला भाभी आली होती. आत आली नाही, दाराबाहेर उभी राहिली, उजवा हात ओढणीखाली घट्ट झाकून.