चांदीच्या डबीआड

जळकोटच्या शिवकांताला अख्खा गाव आळशी म्हणायचा, आणि म्हणणाऱ्यांचं तरी काय चुकलं? सकाळी विहिरीवरून भरल्या घागरी आणणारी ही बाई दिवेलागणीला भाकरी थापताना मधेच हात टेकायची. पापण्या मिटायच्या, घास चावता चावता जबडा थांबायचा. सासू पार्वतम्मा म्हणायच्या, "सकाळी वाघीण, सांजंला गोगलगाय." शिवकांता ऐकून घ्यायची. भांडायलाही त्राण लागतं.

तीन वर्षांत दोन दवाखाने झाले. एसटी सकाळीच पोचायची, तेव्हा ती टवटवीत. दोन्हीकडं छातीचा क्ष-किरण फोटो निघाला, पण गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी तशीच राहिली. लिंगायतांत लिंग अंगावेगळं करायचं नाही, आणि फोटो काढणाऱ्यांनीही भिडेपोटी आग्रह धरला नाही. क्षय नाही, एवढंच सांगून परत पाठवलं.

एकोणीसशे एकसष्टच्या उन्हाळ्यात सोलापूरला मात्र नंबर यायला दुपार टळली. डॉक्टरांनी तिला छताकडं बघत राहायला सांगितलं. मिनिटभरात पापण्या खाली आल्या. मग त्यांनी जुने फोटो उजेडाला धरले. डबीचा पांढरा डाग नेमका छातीच्या मधल्या हाडावर.

"ह्याच्यामागं काय आहे ते बघायचंय. डबी काढावी लागेल."

"जीव गेला तरी लिंग काढायचं न्हाय," सोबत आलेल्या पार्वतम्मा म्हणाल्या.

शिवकांता कधी नव्हे ते बोलली. "आत्या, रोज पूजेला ते डाव्या तळहातावरच असतंय की. तसंच धरते."

तिनं डबी गळ्यातून काढून डाव्या तळहातावर घेतली आणि हात लांब धरला. समोरून एक, बाजूनं एक फोटो निघाला. हाडामागं, हृदयाच्या वरच्या अंगाला, सावली होती. गलगंड आत उतरला असता तर गिळताना सावली हलली असती. पाणी पाजून पडद्यावर पाहिलं, हलली नाही. ताप नाही, मानेत-काखेत गाठी नाहीत, म्हणजे क्षयाच्या गाठीचीही शक्यता कमी. थकलेल्या स्नायूंना जोर देणारी एक सुई टोचली आणि पाव तासात तिचे डोळे लख्ख उघडले. छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीची गाठ दिसते, डॉक्टर म्हणाले; तिच्यापायी स्नायू वापरले की थकतात, म्हणून सकाळी जोर असतो आणि सांजेला उतरतो. पक्कं कापून काढल्यावरच कळेल, त्याला मिरजेला जावं लागेल.

"म्हंजे ही आळशी न्हाय?" पार्वतम्मांनी हळूच विचारलं.

"नाही."

दवाखान्यात एकदा उतरवलेली डबी आता घरी अंघोळ करूनच परत गळ्यात घालायची होती. शिवकांतानं ती मुठीत धरली. एसटीत सुईचा जोर उतरला, पापण्या पडल्या, मूठ सैल झाली. पार्वतम्मांनी आपला हात त्या मुठीवर घट्ट मिटला आणि जळकोट येईपर्यंत सोडला नाही.